खरवस न आलेलं वर्ष

आमच्या गावच्या वळूवर मी लिहायला बसलेय हे आईला कळलं, तर ती विचारील, दुसरा विषय नव्हता का. होते. पण कॉलेजला जाणारी घरातली मी पहिली, त्यामुळे शिकलेलं काहीतरी उपयोगाला यावं असं मला फार वाटायचं, आणि ते फक्त एकदाच उपयोगाला आलं, तेही या वळूच्या बाबतीत. म्हणून भीड बाजूला ठेवून लिहिते.

आमचं गाव निडी स्टेशनपासून चालत पाऊण तासावर. मधून रेल्वेचे रूळ गेल्यामुळे गावाच्या दोन आळ्या झालेल्या, अलीकडची आणि पलीकडची. आम्ही अलीकडचे. आईची सख्खी बहीण, माझी मावशी, पलीकडे दिलेली. गुरंही दोन्हीकडची वेगवेगळी चरायची. दोन्ही आळ्यांमध्ये सामाईक अशा दोनच गोष्टी, गावदेवी आणि तिला सोडलेला वळू.

जुना वळू माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी पौषात मेला. तो ठेंगणा, मळकट, एका शिंगानं तुटका होता आणि कुणी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. गोठे मात्र त्यानंच भरले होते. त्याच्या जागी नवा वळू आणला तो आमच्या शेठनी. शेठ म्हणजे गावातलेच, नागोठण्याच्या कंपनीत मजूर पुरवायचा ठेका मिळाला आणि दारात दोन जीपगाड्या उभ्या राहिल्या तेव्हापासून शेठ झालेले. त्यांनी घाटावरून टेम्पोतून वळू आणला. पांढराशुभ्र, उंच, शिंगं आभाळाला लागलेली. चैत्रात देवीच्या पालखीपुढे बँड लावून त्याला देवीला सोडला. त्या दिवसापासून तो देवीचा. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, त्यानं कुणाच्या वालाच्या शेतात तोंड घातलं तर हात जोडायचे.

संध्याकाळी दोन्ही आळ्यांच्या पारांवर त्याची परीक्षा चालायची. मी स्टेशनवरून येताना कानावर पडायचं ते असं, की वशिंड बघा, मान बघा, चाल बघा. शेपटीच्या गोंड्यावरही मतं होती. ज्यांना स्वतःच्या पोरांची इयत्ता सांगता येत नसे, ते वळूची खुरं कशी असावीत यावर तासभर बोलत. वळू काम करतो की नाही, हे ठरवायची पद्धत अगदी सोपी होती. तो गायीवर चढला की काम झालं. मग गायवाल्यानं देवळात नारळ फोडायचा.

माजावर आलेली गाय बाबा वळूकडे नेत तेव्हा मला आणि आईला घरात जायला सांगितलं जाई. प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये मी बेडकाची जननसंस्था काढली होती आणि सरांनी खाली लाल शाईनं 'छान' असं लिहिलं होतं. पण घरात मी दार लावून तांदूळ निवडत बसायचे. तेव्हा ते मला योग्यच वाटायचं.

आमची तांबडी पहिल्यांदा वळूकडे गेली ती ज्येष्ठात. वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा हंबरायला लागली. म्हणजे उलटली, गाभण राहिली नाही. बाबांनी तिला पुन्हा नेली, पण या वेळी पहाटे, कुणी उठायच्या आत. पुन्हा उलटली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तांबडी आपली ठरल्या दिवशी हंबरायची. मी त्या तारखा जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत होते. का, ते मला सांगता येणार नाही. रेल्वेच्या पासच्या तारखा तिथेच लिहायची सवय होती, त्याखाली गायीच्या लिहिल्या.

देवीच्या वळूची गाय उलटते म्हणजे घरात काहीतरी चुकलंय, असा सरळ अर्थ होता. देवीचं राहिलंय, नाहीतर विटाळ झालाय. त्यामुळे कुणी बोलत नसे. बाबा पारावर सांगायचे, आमची राहिली. शेजारचे काका म्हणायचे, आमचीपण. गाय ओरडायला लागली की आई कुंपणावरून शेजारच्या काकूंना सांगायची, पाडीच्या आठवणीनं ओरडते. पाडी तिथेच समोर बांधलेली असायची. काकू गंभीरपणे मान हलवायच्या आणि म्हणायच्या, आमची उन्हानं ओरडते. हे संभाषण मी मार्गशीर्षातही ऐकलं आहे.

आता खरवसाचं सांगते. आमच्याकडे गाय व्याली की पहिला चीक एकट्यानं खात नाहीत. वाट्यावाट्यांनी तो गावभर जातो, दोन्ही आळ्यांत. ज्याच्या घरी वाटी जाते, तो ती रिकामी परत करत नाही, मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा घालतो. जुन्या वळूची शेवटची वासरं दिवाळीच्या आत झाली. त्यानंतर माघात, नाहीतर फाल्गुनात तरी खरवस यायला हवा होता. आला नाही.

आमच्या आळीत का नाही, हे आमच्या आळीला आतून माहीत होतं. पण पलीकडच्या आळीत गायी व्यायल्याच असणार, कारण पारावर तसं कळलं होतं. मग त्यांनी चीक पाठवला का नाही? आईनं ते मनाला लावून घेतलं. सख्खी बहीण रुळापलीकडे गेली आणि परकी झाली, असं ती पोळ्या लाटताना म्हणायची. मावशीकडे हळदीकुंकवाला गेली नाही. मावशीही आमच्याकडे आली नाही. पलीकडच्यांनी होळीला आमच्या आळीतून लाकडं मागितली नाहीत. आख्खं गाव एका वाटीवरून रुसून बसलं होतं.

चैत्र लागला तेव्हा बाबांनी सांगून टाकलं की पेणचा गुरांचा व्यापारी रविवारी येणार आहे, तांबडीला द्यायची. ती भाकड झाली. दूधही आटत आलेलं. स्टेशनवरच्या चहावाल्याला जाणाऱ्या तिच्या दुधावर माझा पास निघत होता, तेव्हा मला गायीचं वाईट वाटलं की स्वतःचं, हे मी नीट सांगू शकत नाही. तांबडीला आईनं वासरू असल्यापासून वाढवलं होतं. त्या दिवशी तिनं तिला दोनदा धुतलं.

सोमवारी कॉलेजला जाताना रूळ ओलांडताना मावशी भेटली. डोक्यावर गवताचा भारा होता, तरी थांबली.

"काय गो, तुझ्या आयशीनं चीक एकटीनंच खाल्ला? पोट बरं हाय ना तिचं?"

"आमच्याकडं कुठला चीक, मावशी? आमची गाय तर..." एवढं बोलून मी जीभ चावली. घरातली गोष्ट बाहेर गेली होती.

मावशीनं भारा खाली टाकला. मग हळू आवाजात विचारलं, "तुमचीपण?"

त्या दिवशी माझी गाडी चुकली. मी मावशीबरोबर पलीकडच्या आळीत गेले आणि घरोघर एकच प्रश्न विचारला, शेवटचा खरवस कधी खाल्लात. गाय राहिली का असं मला विचारता आलं नसतं आणि त्यांनी सांगितलंही नसतं. खरवसाचं मात्र बायका धडाधडा सांगत होत्या, कारण त्यांना वाटलं मी अलीकडच्यांची तक्रार ऐकायला आलेय. संध्याकाळी आमच्या आळीतही विचारलं. दिवाळीनंतर कुणाच्याच घरी चीक झाला नव्हता. नव्या वळूचं एकही वासरू गावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं की वळू गायीवर चढत असूनही गायी गाभण राहत नसतील, तर काय समजावं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि हे परीक्षेला येणार नाही, असं सांगितलं. मग मी रोह्यातल्या गुरांच्या दवाखान्यात गेले. दोनदा दारावरून परत फिरले, तिसऱ्यांदा आत शिरले. तिथले डॉक्टर वयानं फार मोठे नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, जर्नलचं शेवटचं पान मागून घेतलं आणि तारखांवरून बोट फिरवत सगळं वाचलं. एखादी गाय उलटली तर गाय तपासायची, सगळ्याच उलटल्या तर वळू, असं ते म्हणाले. हे इतकं सोपं होतं की मला थोडी लाजच वाटली.

घरी बाबांना सांगायचं उरलं. त्यांच्यापुढे वळू हा शब्द माझ्या तोंडून निघेना. जेवताना मी म्हटलं, "बाबा, दिवाळीपासून गावात खरवस कुणाकडं झाला?"

बाबा घास हातात घेऊन आठवू लागले. एक बोट मिटलं, परत उघडलं. आई चुलीशी पाठमोरी होती, तिनं कालवण ढवळणं थांबवलं. बाबांनी घास परत ताटात ठेवला आणि म्हणाले, "पण तो चढतो की."

तरी शनिवारी माझ्या सांगण्यावरून डॉक्टर वळू तपासायला आले, तेव्हा बाबा त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले होते.

वळू देवळाजवळ नारळाचे तुकडे खात उभा होता. वर्षभर सगळ्यांनी भरवून भरवून तो इतका लठ्ठ झाला होता की चार माणसांनी धरला तरी त्याला पर्वा नव्हती. डॉक्टरांनी त्याच्या मागे बसून हातानं अंड चाचपलं आणि मोजायला टेप मागितली. गावात टेप एकच होती, आई ब्लाउज शिवायची ती. मीच ती धावत आणून दिली. बायका दारांआड, पुरुष गोल करून उभे, शेठ पुढे. डॉक्टरांनी आईची टेप वळूच्या अंडाभोवती गुंडाळली, आकडा पाहिला, पुन्हा गुंडाळली. एवढ्या अंगाच्या वळूला हे फारच लहान आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि एका बाजूला जुना मार लागून दगडासारखं कडक झालंय. चढणं वेगळं आणि बी असणं वेगळं.

"जनावर देखणं आहे," ते शेठना म्हणाले. "मिरवणुकीला ठेवा."

शेठ हसले नाहीत. डॉक्टर अजून शिकाऊ दिसतात, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, आणि देवीचा कौल घ्यायचं ठरवलं. कौल म्हणजे देवीच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या कळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार. पुजाऱ्यानं कळ्या लावल्या. शेठनी विचारलं, आई, हा वळू तुझाच ना? उजवी कळी पडली. सगळ्यांनी हात जोडले. दुसरा प्रश्न काय विचारायला हवा होता, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. देवीनं जे विचारलं त्याचं उत्तर दिलं, त्यात तिची काय चूक.

रविवारी सकाळी व्यापारी अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं तांबडीचं तोंड उघडून दात पाहिले, कासेला हात लावला आणि दोरी सोडायला वाकला. आई आत निघून गेली. बाबांनी दोरीवर पाय ठेवला.

"गाय द्यायची नाय."

"भाकड जनावर ठेवून काय करणार?" व्यापारी म्हणाला.

"गाय भाकड नाय," बाबा म्हणाले. मग कोण, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही.

तांबडी पुढच्या खेपेला माजावर आली तेव्हा बाबा तिला घेऊन दवाखान्यात जर्सीचं, म्हणजे परदेशी वळूच्या बीचं, इंजेक्शन द्यायला निघाले. उजाडायच्या आत निघाले, म्हणजे कुणी पाहायला नको. पण रस्त्यात त्यांना शेजारचे काका भेटले, गायीसकट. फिरायला निघालोय, काका म्हणाले. बाबाही म्हणाले, फिरायलाच. पुढच्या वळणावर मावशीचे यजमान उभे होते, तेही फिरायला, आणि त्यांच्याकडे दोन गायी होत्या. महिनाभर गावातल्या गायींना फिरायची फार आवड लागली. देवळातले नारळ मात्र चालूच राहिले. प्रत्येक गायीमागे एक, वळूच्या नावानं.

माघात वासरं झाली. बदामी रंगाची, पाठ सपाट, वशिंडाचा पत्ता नाही. शेठनी पारावर पेढे वाटले. देवीच्या वळूला एक वर्ष द्यावं लागतं, हे आपण आधीपासून सांगत होतो, असं ते म्हणाले आणि माणसांनी पेढे खाल्ले. बाबांनीही खाल्ला. मी बाबांना विचारणार होते, पण त्यांनी मलाच अर्धा पेढा दिला.

तांबडी व्याली त्या दिवशी आईनं वाट्या मांडल्या. पहिली वाटी मावशीची होती. शेठच्या घरचीही होती, कारण चीक पाठवताना घर वगळत नाहीत. पण वाटी न्यायच्या आधीच शेठची बायको स्वतः गोठ्यात आली, वासराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ गो, अगदी आमच्या वळूवर गेलंय."

पांढराशुभ्र वळू तेव्हा आमच्या कुंपणाबाहेर उभा होता, वशिंड डोंगराएवढं. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वासराकडे.

"व्हय," आई म्हणाली. "भूक अगदी तीच हाय."

त्या टेपनं आईनं पुन्हा कधी ब्लाउजचं माप घेतलं नाही, ती माझ्याकडेच राहिली. खरवस गरम होता. मी वाटीवर पान झाकलं आणि रूळ ओलांडायला निघाले, तर समोरून मावशी येत होती. तिची गायही त्याच रात्री व्याली होती, आणि तिच्या हातातही पान झाकलेली वाटी होती.