अकबरीची सुई

शुक्रवार पेठेत कुणाला गळू झालं की माणसं दवाखान्याआधी अकबरीचं दार ठोठावायची. पोटीस बांधून ती गळू पिकवायची, सुई तापवायची, आणि माणूस 'अगं आई' म्हणेपर्यंत काम उरकलेलं असायचं. तिच्या हाताला गुण होता आणि हे तिलाही पुरतं ठाऊक होतं. डॉक्टरांची ती मनसोक्त टिंगल करायची.

म्हणून नवऱ्याच्या, फकीरच्या, डाव्या खांद्याखाली छातीवर लालभडक सूज आली तेव्हा तिनं दुसरा विचार केला नाही. त्याच जागी कातडीखाली पेसमेकर होता. रिक्षा चालवताना फकीरला भोवळ यायची, हृदय मंद चालायचं, म्हणून दोन वर्षांमागं तो बसवलेला. त्या जागेला काही झालं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हे मशीनचं थोडंच होतं? साधं गळू तर होतं. अकबरीनं सुई तापवली.

पू आला, तिला बरं वाटलं. मग फकीरला ताप भरला, तो उतरेचना.

आता तो इस्पितळात जखडून पडला होता. पू मशीनभोवतीच होता आणि हृदयात गेलेल्या तारांवरून रक्तात पसरला होता. मशीन, तारा, सगळंच काढावं लागलं. मानेतून घातलेली एक तात्पुरती तार उशाशी ठेवलेल्या यंत्राला जोडली होती, तिच्यावरच हृदय चालत होतं. उठायचं नाही, कूस बदलायची नाही. रक्त स्वच्छ झाल्यावरच उजवीकडे नवं मशीन बसणार होतं, आणि रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाईट आला होता.

"हे फोडलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपोआप फुटलं, साहेब," फकीर म्हणाला. अकबरीनं तोंड उघडलं तसा तो पुटपुटला, "चुप बैठ."

पू आधीच आत होता, की तिच्या सुईनं आत नेला? विचारायचं तर आधी कबूल करायला हवं. तार हलेल या भीतीनं ती नवऱ्याच्या अंगाला हातही लावत नव्हती.

संध्याकाळी शेजारची सिद्धेश्वरी जेवणाचा डबा घेऊन आली. "चाची, घरी कवा येताय? सासूबाईंच्या पाठीवर गळू झालंय, लई ठणकतंय. शुगर हाय, तरी दवाखान्यात यायला तयार न्हाईत. अकबरीच पायजे म्हणत्यात."

"दवाखान्यातच ने तिला."

"का वो? तुमच्या हाताला गुण हाय की."

फकीरनं डोळ्यांनी दटावलं. पण अकबरीला रडू कोसळलं. "ह्यांच्या मशीनवर मीच सुई टोचली गं. ह्याच हातानं. ने म्हातारीला डॉक्टरकडं."

फकीरला तोंड फिरवायचं होतं, पण मानेतल्या तारेनं तेही जमेना. अकबरीनं डोळे पुसले आणि डबा घ्यायला हात पुढं केला.

सिद्धेश्वरीनं त्या हाताकडं पाहिलं आणि डबा स्टुलावर ठेवला.