हात लावते हं

माझी वहिनी कुणाच्याही अंगाला न सांगता हात लावत नसे. आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली आणि ती पलंगाला खिळली, तेव्हापासूनची ही सवय. तोंड पुसायचं असो की कूस बदलायची असो, वहिनी आधी वाकून आईच्या डोळ्यांसमोर यायची आणि म्हणायची, "आई, हात लावते हं." मग जरा थांबायची, आणि मगच हात. मी सुट्टीत घरी गेले की सरळ जाऊन आईची उशी ओढायची. वहिनी माझ्या मनगटावर चापटी मारायची. "त्या काय गादी आहेत का गं? तुला कुणी झोपेत असताना मागून येऊन उचललं तर चालेल?"

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पलंग उंच हवा म्हणून तिने दादाकडून पायांखाली विटा लावून घेतल्या. आईच्या अंगाखालची चादर ती एकटी बदलायची. आईला एका कुशीवर वळवायचं, अर्धी गुंडाळलेली चादर पाठीशी सारायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती पलीकडून ओढून घ्यायची. आईच्या कपाळाला आठीसुद्धा पडत नसे. आणि हे सगळं चालू असताना तोंडाचा पट्टाही चालू. कुणाची सून माहेरी गेली, वरच्या मजल्यावरच्यांनी कुणाशी भांडण काढलं, सगळं आईला सांगायची. "आईंना सांगितलेलं बाहेर जात नाही," म्हणायची, आणि आईच्या तोंडाची चालणारी बाजू हसायची.

वहिनी काही मायेची मूर्ती वगैरे नव्हती. ती पत्त्यांत लबाडी करते, वय चोरते आणि भाजीवाल्याला घाम फोडते. पण आईच्या खोलीत तिच्या हाताला कधी घाई नव्हती. सहा-सात वर्षांत एकदाच झाली.

त्या सकाळी दाराची बेल वाजत होती, गॅसवर दूध होतं, दादा आंघोळीला गेलेला. चादर अर्धी बदलून झाली होती. वहिनीने काही न बोलता आईच्या मानेखाली एक आणि कमरेखाली एक हात घातला आणि तिला वळवलं. आईचे डोळे मिटलेले होते, ते उघडले. तिने वहिनीकडे बघितलं. आणि संपलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. दादा म्हणाला, ती सुटली. मी म्हटलं, वहिनी, वेडी आहेस का तू? मी तर तिची मुलगी, तुझी चूक आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पण आमच्या म्हणण्याला काय किंमत? वहिनीचं एकच, "दचकल्या त्या. न सांगता हात लावला मी. कोण आहे हेही कळलं नसेल त्यांना. घाबरून गेल्या." ज्या एका माणसाला विचारायचं, ते तर आधीपासूनच बोलत नव्हतं.

तेव्हापासून तिने कुणाला हात लावणं सोडलं. तिच्या भाचीने केसांना तेल लावून दे म्हटलं, तर बाटली तिच्या हातात दिली. शेजारणीने नवं बाळ पुढे केलं, तर हिचे हात पदरात. पाठ तर केव्हाच कामातून गेली होती, व्यायामाला जा म्हटलं तर ऐकत नव्हती. शेवटी दादाने तिला माझ्याकडे पाठवून दिलं. फोनवर म्हणाला, "तुझ्याकडे तरी हसेल." माझ्याकडे ती माझी कपाटं आवरत बसली. आठवडाभराने माझं डोकं फिरलं आणि मी ऑफिसजवळच्या स्पामध्ये दोघींची वेळ घेतली. माझं डोकं लवकर फिरतं, हे इथेच सांगून ठेवते.

"काय करतात तिथे?" वहिनीने विचारलं.

"आधी खरखरीत मिठाने अंग घासतात. मग मातीचा लेप लावतात. मग गरम चादरीत गुंडाळून ठेवतात."

"म्हणजे भांड्यांसारखंच की. आणि शेवटी पालथं घालून ठेवतात का?"

मी म्हटलं, चल मुकाट्याने.

आत सगळीकडे मंद उजेड, लाकडी जाळ्या, कुठेतरी पाणी झुळझुळत होतं. काउंटरवरची मुलगी इतकं हळू बोलत होती की वहिनीही कुजबुजायला लागली. "आत कुणी आजारी आहे का गं?" मुलीने हसून विचारलं, "मॅडम, प्रेशर कसं हवं? हलकं, मध्यम की जोरात?" वहिनी म्हणाली, "माझं नॉर्मल असतं. हिचं बघा, हिचं चढतं." मी कपाळाला हात लावला. मग आम्हाला एकेक पुडी मिळाली, तिच्यात कागदी चड्डी. ती उजेडात धरून वहिनी म्हणाली, "ही शिंक आली तरी फाटेल." मी खूप दिवसांनी तिच्यासोबत हसले.

खोलीत दोन उंच पलंग होते. मसाज करणाऱ्या दोन बायका आल्या तेव्हा मी टॉवेल घेऊन पालथी पडले होते आणि वहिनी पलंगापाशी उभी राहून खालचं पायडल दाबून बघत होती. पलंग वर येत होता, खाली जात होता. "विटा नकोत काही नकोत," ती स्वतःशीच म्हणाली. मग चादरीची टोकं नीट खोचली आणि बाह्या सारायला हात वर नेला. बाह्या नव्हत्याच, टॉवेल होता.

"ताई, झोपा ना," तिच्या वाट्याला आलेली बाई म्हणाली. बुटकी, पन्नाशीची, मनगटं चांगली दणकट.

"हो, हो. मी झोपायचं नाही का, विसरलेच," वहिनी म्हणाली. ती पलंगाच्या चुकीच्या बाजूला उभी होती, उचलणाऱ्याच्या.

ती झोपली, आणि त्या बाईने तिच्या पोटरीला हात लावताच अशी उसळली की माझाही पलंग हलला असं वाटलं.

"काय झालं? गार लागला का हात?"

"ताई, आधी सांगत जा ना," वहिनी म्हणाली. "तोंड खाली असलं की माणसाला काही दिसत नाही. सांगून हात लावायचा."

मला वाटलं आता ती बाई वैतागणार. मी असते तर वैतागलेच असते. पण ती म्हणाली, "बरोबर आहे. चुकलं माझं. आता पायाला हात लावते हं, डाव्या." थांबली, मग हात लावला. त्यानंतर प्रत्येक वेळी सांगत राहिली. पाठीला लावते हं. आता खांद्याला. मीठ जरा टोचेल हं. माझी बाई तरुण होती, ती गप्प होती, आणि मला पहिल्यांदाच तिचा राग आला. कळलंच नाही पुढचा हात कुठून येणार ते.

मिठाने घासून झालं, माती लावून झाली. कोमट, जाडसर माती, गळ्यापर्यंत. मग चादरीत गुंडाळायची वेळ आली. त्या बाईने चादर अर्धी गुंडाळून वहिनीच्या पाठीशी सारली आणि म्हणाली, "आता तुम्हाला वळवते हं, माझ्याकडे." मी मान वळवून बघत होते. वहिनीने डोळे घट्ट मिटले. ज्या तऱ्हेने ती आईला वळवायची तसंच तिला कुणीतरी वळवत होतं, एक हात मानेखाली, एक कमरेखाली. दुसऱ्या कुशीवर गेली, चादर पलीकडून ओढली गेली. "अंग एवढं आवळू नका, ताई," ती बाई म्हणाली. "मी धरलंय तुम्हाला. सोडून द्या."

दोघींना गुंडाळून, दिवा आणखी बारीक करून त्या बाहेर गेल्या. गुंडाळलेल्या चटईसारखी मी पडून होते, नाक खाजत होतं आणि हात बाहेर काढता येत नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, नाक खाजतंय." उत्तर म्हणून घोरण्याचा आवाज आला. आई गेल्यापासून ही बाई रात्री धड झोपत नव्हती, माझ्या घरातसुद्धा अंधारात उठून बसायची. मी नाक खाजू दिलं.

काही वेळाने ती दणकट बाई एकटीच आत आली. इथे नहाणी नव्हती, माती गरम टॉवेलांनी पुसून काढायची होती. तिने वहिनीची चादर मोकळी केली, पुढून पुसून घेतलं. वहिनी घोरतच होती. मला वाटलं, आता उठवेल, आता सांगेल. पण झोपलेल्या माणसाला उठवायचं तिच्या जिवावर आलं असावं. तिने काही न बोलता एक हात वहिनीच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली.

सांगा आधी, असं ओरडायचं होतं. पण ओरडून तरी काय, तीही दचकलीच असती. मी हात बाहेर काढायची धडपड करत होते तेवढ्यात तिने वहिनीला वळवलंसुद्धा.

वहिनीचे डोळे उघडले. तिने त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं असं मला वाटलं. मग डोळे मिटले. गाल त्या बाईच्या दंडावर टेकला आणि सगळं अंग तिच्या हातात सोडून दिलं. ती बाई सावकाश पाठ पुसत राहिली.

नंतर आम्ही झगे घालून बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. वहिनीने कप दोन्ही हातांत धरला होता, पीत मात्र नव्हती.

"मला वळवलं तेव्हा तिने सांगितलं नाही ना?" तिने विचारलं.

"पहिल्यांदा सांगितलं होतं."

"दुसऱ्यांदा. मी झोपले होते तेव्हा."

मी खोटं बोलणार होते. तोंडावर आलंही होतं. पण वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की जमलं नाही. "नाही," मी म्हटलं. "नाही सांगितलं."

"माझे डोळे उघडले?"

"उघडले."

"आणि मी तिच्याकडे बघितलं?"

"बघितलंस."

"घाबरल्यासारखी?"

मी नीट आठवून बघितलं. "नाही गं. कोण आहे ते बघितलंस. आणि परत मिटलेस."

वहिनीने कप खाली ठेवला. "मला तिची ओळख तासाभराची," ती हळूच म्हणाली, आता कुजबुजायची गरज नव्हती तरी. "हात पोचले तेव्हाच कळलं, हिचेच आहेत. डोळे आपले उगाच उघडले, खात्री करायला." मग तिने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "आईंना तर माझे हात इतक्या वर्षांचे. ओळखलं असेल गं त्यांनी. नाही? ओळखलंच असेल."

"ओळखलंच असेल," मी म्हटलं, आणि माझेच डोळे वाहायला लागले. आई गेल्यावर मी धड रडले नव्हते, सगळ्यांना गप्प करण्यातच माझा वेळ गेला होता.

माझ्या कानामागे माती राहिली होती. वहिनीने टॉवेलचं टोक चहाशेजारच्या पाण्यात बुडवलं, माझी हनुवटी धरून मान वळवली आणि खसाखसा पुसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं तेव्हा थबकली.

"अगं, लागलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पूस तू."