कमरेएवढी भिंत

मास्तर लोकांकडे किस्से काही कमी नसतात. पण एका आवारात दोन शाळा असल्या की ते दुपटीनं साचतात! आमचं गाव तेलंगणात, पण महाराष्ट्राच्या सीमेलगत. अलीकडे आमची मराठी शाळा, पलीकडे श्रीनिवाससरांची तेलुगू, मध्ये कमरेएवढी भिंत. मराठीत मास्तर मी एकटाच. आता दोन्ही शाळा एक झाल्यात, म्हणून आठवेल तसं सांगतो.

*

माझं गणित कच्चं, सरांची हिंदी. म्हणून रोज एक तास भिंत ओलांडून आम्ही वर्ग बदलायचो. एकदा तपासणीचे साहेब अचानक आले, तर मी तेलुगू शाळेत, सर मराठीत! साहेब भडकले, "तुम्ही चुकीच्या शाळेत काय करताय?"

सर शांतपणे म्हणाले, "शाळा बरोबर आहे साहेब, भिंत मध्ये आलीय."

*

दोन्ही शाळांत मिळून पृथ्वीगोल एकच. तीन दिवस त्यांचा, तीन दिवस आमचा. ट्रेनिंग द्यायला आलेल्या मराठी मॅडमनी विचारलं, "तुमच्यात सहकार्य आहे का?"

सरांनी आमच्या पोरांकडून शिकलेल्या मराठीत ठणकावलं, "हाय ना मॅडम! आज पृथ्वी यायच्याकडं हाय!"

*

पुढे आमच्या पहिलीला पोरं मिळेनात. आणखी एक वर्ष असं गेलं तर शाळा बंद होणार होती. सर तेलुगूचे, तरी माझ्यासोबत घरोघर फिरले. सुनंदाबाईची पोरगी पहिलीच्या वयाची. बाई अंगणात ज्वारी पाखडत होती. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "सर, तुमचा पोरगा कोठी शिकते?"

माझा पोरगा व्हॅननं आदिलाबादला जातो, इंग्लिश मीडियमला. मी म्हणालो, "त्याचं वेगळं आहे."

ते वाक्य अजून सलतं. बाईनं चहा पाजला, पोरगी मात्र दिली नाही.

*

शेवटी ऑर्डर आली. आमची शाळा सरांच्या शाळेत विलीन, आणि मीडियम इंग्रजी. भिंत पाडा म्हणून आम्ही कितीदा अर्ज केले होते, ती एका सकाळीत गेली! दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले ते भिंतीच्या जागी सवयीनं पाय उचलून. मी हसलो.

*

नव्या शाळेचा पहिला दिवस. सुनंदाबाई पोरीला नवी रिबीन बांधून घेऊन आली. पोरीचा हात माझ्या हातात दिला आणि साधेपणानं म्हणाली, "आता तं इथंच इंग्रजी आली. सर, तुमचा पोरगा उद्यापासून येते ना?"

शाळा भरायला अजून दहा मिनिटं होती. श्रीनिवाससरांनी घंटा वाजवून टाकली.