शेवंताबाईंची कानाची परीक्षा

उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला टेकला, म्हणजे मूल सहा वर्षांचे झाले, ही जुनी समजूत खरी आहे का? या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला मी बसलो होतो. लिहिता लिहिता शेवंताबाईंचेच चित्र उतरले, त्याला माझा इलाज नाही.

शेवंताबाई शाळाबाह्य मुले शोधण्याच्या सरकारी कामावर होत्या. जळकोटच्या परिसरातल्या वीटभट्ट्या आणि मेंढपाळांचे तळ त्या पायी पालथे घालीत. मूल दिसले की नावगाव विचारण्याआधी त्या स्वतःचा हात डोक्यावरून कानाला लावीत आणि म्हणत, "असं कर बघू. जमतंय का?" हात न पोचलेली मुले मी पुष्कळ पाहिली, करून न पाहणारे एकही पाहिले नाही.

मी जवळच्याच एका लहान शाळेचा मुख्याध्यापक. एका सकाळी त्या बिरू नावाच्या मेंढपाळाला आणि त्याच्या मुलीला, सगुणाला, घेऊन माझ्याकडे आल्या. बिरूच्या मेंढ्या खतासाठी शेजारच्या शेतात बसवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कळप पुढे निघणार होता. त्याआधी नाव दाखल झाले, तर सगुणा गावात आजीजवळ राहणार होती. नाही तर कोकरांमागे चालू लागणार होती.

मी सवयीने विचारले, "जन्माचा दाखला?"

"झालं!" बिरू उठलाच. "ताई, म्या सांगितलं व्हतं का न्हाय? गेल्या साली बी ह्याच दारातनं माघारी गेलो. चल गं, कोकरं वाट बघत्यात."

कागद नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. इतर शिक्षकांना तो मीच समजावून दिला होता. तरी तोंडून तेच निघाले होते.

शेवंताबाई रागावल्या नाहीत. "सगुणा, दाखव गं हात."

सगुणाचा हात कान ओलांडून गालापर्यंत आला.

"कोकरं उचलून लांब झालाय त्यो," बिरू फणकाऱ्याने म्हणाला.

"असंल. मग सरांचा बघू. त्यांनी कुठं कोकरं उचलल्यात? उठा सर."

माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला होता. हात टाळूवर जाऊन अडकला.

"अगं बया! सरांना अजून सहा पुरी झालीच न्हाईत! दाखला हाय का जवळ? न्हाय? मग तुमाला बी माघारी धाडावं लागतंय, सर."

बिरूला हसू आवरेना. हसता हसता तो पुन्हा खाली बसला. सगुणा तेवढी हसली नाही. ती माझ्या खुर्चीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, मान वाकडी करा की. पोचतंय."

मी मान वाकडी केली. हात पोचला. त्याच हाताने मी तिचे नाव दाखल करून घेतले.

"आता माघारी धाडायचं न्हाय बरं का, गुरुजी," बिरू म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

पडताळा घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढच्या आठवड्यात मी दाखले समोर ठेवून पहिलीच्या मुलांची हीच परीक्षा घेतली. सहा पूर्ण झालेल्या काहींचा हात पोचेना; पाच वर्षांच्या एकीचा खुशाल पोचला. पुढे शेवंताबाईंची वाशी तालुक्यात बदली झाली, तेव्हा त्या निरोप घ्यायला आल्या. मी त्यांना हा निष्कर्ष ऐकवला.

"म्हाईत हाय की मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "वय काय, आजीला इचारलं की कळतं. पर सर, कागद-पेन काढलं की लेकरू पळतं. कानाला हात लाव म्हटलं की थांबतं. थांबलं की बोलता येतं."

सगुणा यंदा चौथीत आहे. माझा खांदा सुटला की नाही, हे ती अधूनमधून तपासते. मान सरळ ठेवायला लावते.

तेव्हा उत्तर असे: समजूत चुकीची, पण परीक्षा उपयोगाची. माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या आसपासच्या एखाद्या भट्टीवर, तळावर मूल दिसले, तर आधी स्वतःच्या कानाला हात लावून दाखवा. ते थांबेल. मग त्याचे नाव कोणत्या शाळेत आहे ते विचारा, आणि त्या शाळेत जाऊन ते खरेच आहे का, हे स्वतः पाहून या; नसेल, तर दाखल करायला लावा.