खालून घेतलेले बाबा

माझ्या लग्नातल्या व्हिडिओवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही. कल्याणच्या हॉलमध्ये तो आला तोच पँटचे गुडघे मळवून. आत्याने लगेच नाक मुरडलं.

जावयाचे पाय धुण्याचा विधी नको म्हणून मी महिनाभर भांडले होते, पण बाबांनीच ऐकलं नाही. ते वाकले तेव्हा फोटोवाला सवयीने खुर्चीवर चढला. हा मात्र कॅमेरा परातीजवळ धरून ओल्या फरशीवर चक्क पालथा पडला.

"अहो, उठा! पाय पडेल कुणाचा तरी," आत्या ओरडली.

"पडू दे, ताई." तो हललासुद्धा नाही. "वरून घेतलं ना, की मुलीचा बाप बिचारा दिसतो. मी नाही घेत तसं."

मग ओल्या शर्टानेच तो शेवटच्या पंगतीत बसला आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.

व्हिडिओत पाच फुटांचे माझे बाबा पडदाभर दिसतात. मागे हॉलचं उंच छत, जावई कुठेतरी कडेला. ते वाकलेत हे कळतच नाही. डोंबिवलीच्या घरी पाहुणे आले की बाबा अजून तेवढाच भाग लावायला सांगतात, आणि तो सुरू झाला की सोफ्यावर ताठ बसतात.