तिला मी मागं बसवलं

सोलापूर जिल्ह्यातल्या केमजवळच्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. वर्गात एक दहा वर्षांची मुलगी होती. अंगानं बारीक, फळ्यावरचं सगळं नेटकं उतरवून घेणारी. तिचा उजवा कान वाहायचा. कानात कायम कापसाचा बोळा, आणि तो ओला झाला की तीच बाहेर जाऊन बदलून यायची. शेजारच्या मुलींनी तक्रार केली, "बाई, हिच्या कानाचा वास येतो." कटकट नको म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. ती दप्तर उचलून मागं गेली.

त्यानंतर ती उत्तरंच देईना. पाढा विचारला की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. श्रुतलेखनात मी 'गाडी' म्हटलं, तिनं 'साडी' लिहिलं. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" म्हणून मी ओरडायची. एकदा वही तिच्या अंगावर टाकली. अजून लाज वाटते.

मग शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी तिच्या कानात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं.

"पडद्याला भोक आहे. ही वर्गात कुठं बसते?"

मी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"तिथून हिला तुमचं निम्मंसुद्धा ऐकू येत नसेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. मला मात्र तिच्याकडे बघवेना. त्याच दिवशी तिला पुढच्या बाकावर आणलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई कांद्याच्या रानातून नुकतीच आली होती. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, कदाचित ऑपरेशनही लागेल, असं मी सांगितलं.

"कान समद्याच पोरांचा फुटतो की, बाई. लसणाचं तेल सोडतो आमी. माझाबी वाहायचा, थांबला आपोआप."

"तेल नका सोडू, ताई. डॉक्टरांनी कान कोरडा ठेवायला सांगितलाय."

वडील दारात उभे होते. "कानाचं आपरेशन म्हंजे डोस्क्याजवळ. पोरीच्या जातीला काय झालं म्हंजे?"

नुसतं दाखवून तर येऊ, एवढ्यावर दोघं तयार झाले. रविवारी तपासणी नसते म्हणून मी एक रजा टाकली आणि आम्ही तिघी सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेलो. आई माझ्या डाव्या बाजूला बसली होती. मी बोलले की ती मान पूर्ण वळवायची. मला वाटलं, गाडीचा आवाज असेल.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीच्या कानाजवळ ऐकणं तपासायचा वाजता चिमटा धरला. मग सहज आईच्याही कानाजवळ धरला.

"ऐकू येतंय?"

"हितनं येतंय. ह्या अंगानं न्हाय येत."

"कधीपासून?"

आई हळू म्हणाली, "लगीन व्हायच्या आदीपासनं. कुणाला सांगितलंच न्हाय. बहिरी म्हनून परत धाडतील, असं वाटायचं." मुलगी आईकडे बघत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मुलीचा कान कोरडा झाला की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत आई म्हणाली, "बाई, हिचं आपरेशन करायचं. हिच्या बापाला मी सांगते." आणि तिनं सांगितलंही. घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण महिनाभर थेंब आणि गोळ्या देऊन कान कोरडा झाल्यावर वडीलच मुलीला घेऊन दवाखान्यात गेले.

पडद्याला ठिगळ बसलं. काही आठवड्यांनी मुलगी शाळेत आली, तास संपेपर्यंत कपाळाला आठ्या घालून बसली, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, वर्गात लई कलकल असती की!"

मी तिची माफी मागितली. कशाबद्दल, ते तिला समजलं की नाही कोण जाणे. ती "व्हय बाई" म्हणाली आणि खेळायला पळाली.

पुढं माझी बदली सोलापूरच्या भवानी पेठेत झाली. इथली मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, घरात तेलुगू बोलणारी. कापसाचे बोळे इथंही आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाच्या मागं उभी राहून हळूच त्याचं नाव घेते. यंदा एक मुलगी वळली नाही. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबरच चालत तिच्या घरी गेले.