बाई आल्या, पाच मिनिटं

माझी वहिनी नर्स आहे आणि नको तितकी खरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच घरात असल्या की नणंदेच्या डोक्याला ताप. गावातला दोन खोल्यांचा दवाखाना ती सव्वीस वर्षं सांभाळते. एका खोलीत खाट, दुसरीत टेबल, फळीवर उकळलेल्या कात्र्यांचा डबा. बस्स.

हा दवाखाना नव्हता तेव्हा बोटाला एक टाका घालायला शहर गाठावं लागे. मजुरी बुडायची ती दिवसाची. गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात तीनच माग, तेही अर्धा वेळ रिकामे. मालक गाशा गुंडाळायच्या बेतात होता. दवाखाना आला आणि तिनाचे चौदा माग झाले. विकासावर लोक तास-तास भाषणं ठोकतात. मला विचाराल तर बोट कापलेली बाई पुन्हा मागावर बसते, तो विकास.

गेल्या महिनाअखेरीला वरचे साहेब तपासणीला आले. मी तेव्हा रक्तदाब मोजून घेत होते. साहेबांनी नोंदवही चाळली.

"महिन्यात एकेचाळीस रुग्ण? बाई, एवढ्यासाठी दवाखाना चालत नाही. शहरातल्याला जोडून टाकू."

माझा रक्तदाब तिथल्या तिथे चढला. "अगं, बुधवारचं सांग की!"

"ते यात बसत नाहीत, वन्सं."

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यात जाते. मलमपट्टी करते, गरोदर बायका तपासते. नोंद एकाचीही नाही.

"का नाही?" साहेबांनी विचारलं.

वहिनीने वहीच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "छापलंय बघा, 'दवाखान्यात आलेले रुग्ण'. त्या कुठे आल्या? मी गेले."

मी कपाळावर हात मारला आणि तडक कारखाना गाठला. मुकादमीण केसांतली लोकर न झटकताच दोन हजेरीबुकं घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात आली. कोण मागावरून का उठलं, हे ती लिहून ठेवते.

"साहेब, हे जुनं वाचा, दवाखाना नव्हता तेव्हाचं," ती म्हणाली.

'बोट, दिवस गेला. ताप, तीन दिवस. बोट, दिवस गेला.'

"आता हे नवं."

'बोट, बाई आल्या, पाच मिनिटं. चक्कर, बाई आल्या, दहा मिनिटं.' पानंच्या पानं.

साहेब बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "दवाखाना इथेच राहील, तसं मी लिहून देतो. पण बाई, यापुढे सगळ्यांची नोंद करायची."

"मग मथळा बदलून द्या."

साहेब हसले. 'दवाखान्यात आलेले' खोडून त्यांनी 'तपासलेले' असं लिहिलं आणि शेजारी सही ठोकली.

"आता हात पुढे करा," वहिनी रक्तदाबाचा पट्टा उचलत म्हणाली. "घाम फुटलाय तुम्हाला."

एकेचाळिसावी मी होते. माझ्याखाली तिने लिहिलं: 'बेचाळीस. साहेब. स्वतः आले.'